तारखांचा धंदा

ग्राहकाला संकेतस्थळ करून दिले की त्या वर्षी कौतुक होते, आणि पुढच्या वर्षी बिल पाठवले की प्रश्न येतो: "अहो, साइट तर गेल्या वर्षीच झाली ना? मग आता पैसे कशाचे?" या प्रश्नात कुरकुर असली तरी खोट नसते. दुकानावरची पाटी एकदा रंगवून घेतली की रंग उडेपर्यंत ती आपली असते आणि पेंटर दर दिवाळीला दारात उभा राहत नाही. संकेतस्थळही तसेच असावे, अशी कोणाचीही समजूत होणारच. एकट्याने हे काम करणाऱ्या माझ्यासारख्या माणसाला मात्र ठाऊक असते की मांडणी, रंग, छायाचित्रे आणि मजकूर हा पसारा दोन-तीन महिन्यांत आटोपतो, आणि त्यानंतर उरतो तो तारखा सांभाळण्याचा धंदा.

पहिली तारीख डोमेनची, म्हणजे संकेतस्थळाच्या नावाची. सिंबॉलिक्स डॉट कॉम हे पहिले डॉट कॉम नाव 15 मार्च 1985 रोजी नोंदले गेले, आणि पुढची दहा वर्षे अशी नावे फुकट मिळत होती. 1995 साली शुल्क सुरू झाले आणि नाव हा मुदतीचा करार होऊन बसला. डॉट कॉम घ्या नाही तर आपले डॉट इन घ्या, फार तर 10 वर्षांचे पैसे एकदम भरता येतात. कायमचे नाव कितीही रक्कम मोजली तरी मिळत नाही. मुदत टळली की संकेतस्थळ आणि ईमेल बहुधा लगोलग बंद पडतात, पण डॉट कॉम नाव हातचे जायला वेळ लागतो. बहुतेक रजिस्ट्रार, म्हणजे नावे नोंदवून देणाऱ्या कंपन्या, काही दिवस, जास्तीत जास्त 45, नेहमीच्या दराने नूतनीकरण करू देतात. पुढचे 30 दिवस नाव सोडवून आणायला चांगलाच भुर्दंड पडतो. शेवटच्या 5 दिवसांत कोणालाच काही करता येत नाही आणि त्यानंतर जो आधी मागेल त्याला ते नाव मिळते. मोठ्यांनाही हा विसर चुकलेला नाही. 1999 च्या ऐन नाताळात मायक्रोसॉफ्टचे पासपोर्ट डॉट कॉम हे नाव नूतनीकरणाविना राहिले, हॉटमेल या त्यांच्या ईमेल सेवेत शिरण्याची वाट त्याच नावावरून जात असल्याने अनेकांना आत शिरता येईना, आणि अखेर एका लिनक्स प्रोग्रामरने स्वतःच्या क्रेडिट कार्डावरून 35 डॉलर भरून ती गाडी रुळावर आणली.

असा विसर पडतो कसा, हे पाहायचे तर एखाद्या घरगुती पेढीत डोकावावे. सांगलीत हळदीचा व्यापार करणाऱ्या माझ्या एका ग्राहकाचे डोमेन त्यांच्या पुतण्याने इंजिनिअरिंगला असताना कॉलेजने दिलेल्या ईमेलवरून नोंदले होते. पुतण्या जर्मनीला गेला, कॉलेजने तो पत्ता बंद केला, आणि नूतनीकरणाच्या सूचना त्या बंद पत्त्यावर इमानेइतबारे जात राहिल्या. "काका, डोमेनचा पासवर्ड कोणाकडे आहे?" असे मी विचारल्यावर त्यांनी गल्ल्याखालच्या खणातून एक वही काढली. तिच्या शेवटच्या पानावर वायफायचा, वीजबिलाच्या खात्याचा आणि सीसीटीव्हीचा पासवर्ड सुवाच्य अक्षरात लिहिलेला होता. डोमेनचा तेवढा नव्हता. पासवर्ड बदलावा म्हटले तर त्याचा दुवा पुन्हा त्याच बंद ईमेलवर जाणार. शेवटी पुतण्याकडून लेखी संमती मागवून, पॅन कार्ड आणि जीएसटी प्रमाणपत्राच्या प्रती रजिस्ट्रारकडे पाठवून ते खाते काकांच्या नावावर आले. या सगळ्या खटाटोपात संगणकाची विद्या म्हणावी अशी काही लागली नाही. तलाठ्याकडे फेरफार नोंदवून घेण्याची चिकाटी मात्र पुरेपूर लागली.

नूतनीकरण आपोआप होण्याची सोय असते, हे मला मान्य आहे, पण त्या सोयीमागे एक कार्ड असते आणि कार्डालाही तारीख असते. त्यातच ऑक्टोबर 2021 पासून रिझर्व्ह बँकेचे ई-मॅन्डेटचे, म्हणजे ठरावीक काळाने आपोआप पैसे कापण्याच्या परवानगीचे, नियम अमलात आले आणि कार्डावरून परस्पर होणाऱ्या आवर्ती वजावटींची घडी मोडली. आधी सूचना द्यायची, आणि ठरावीक रकमेच्या वर दर वेळी ग्राहकाची संमती घ्यायची. ही मर्यादा तेव्हा 5,000 रुपये होती, जून 2022 मध्ये ती 15,000 झाली. ग्राहकाच्या हिताचाच नियम होता, कारण विसरलेल्या वर्गण्या खिशातून गुपचूप पैसे काढत राहतात. पण परदेशी सर्व्हर भाड्याने घेणाऱ्या आमच्यासारख्यांची कित्येक बिले त्या सुमारास वटलीच नाहीत, आणि 'ऑटो' या शब्दावर विसंबण्याची माझी सवय तेव्हापासून सुटली.

दुसरी तारीख प्रमाणपत्राची, आणि ती ग्राहकाला समजावणे सर्वांत अवघड. ब्राउझर आणि सर्व्हर यांच्यातले बोलणे कूटबद्ध करणारे हे प्रमाणपत्र पूर्वी पैसे मोजून आणावे लागे. 2015 च्या अखेरीस लेट्स एन्क्रिप्ट ही फुकट प्रमाणपत्रे देणारी सेवा सर्वांसाठी खुली झाली आणि ते फुकट मिळू लागले, पण 90 दिवसांच्या मुदतीचे. मुदत टळली की ब्राउझर लाल अक्षरांत भीती घालतो आणि मला फोन येतो, "आपली साइट हॅक झाली!" हॅक काहीच झालेले नसते, नूतनीकरण करणारी आज्ञावली सर्व्हर बदलताना कुठेतरी मागे राहिलेली असते. ही मुदत आणखी आखडणार आहे. प्रमाणपत्रे देणाऱ्या संस्था आणि ब्राउझर कंपन्या यांच्या मंचाने 2025 साली ठरवल्याप्रमाणे मार्च 2029 पासून कोणतेही नवे प्रमाणपत्र 47 दिवसांपेक्षा जास्त काळाचे नसेल. प्रमाणपत्रामागची गुप्त किल्ली चोरीस गेली तर ती फार दिवस चालू नये, हा त्यामागचा हेतू रास्तच आहे. हाताने नूतनीकरण करणाऱ्यांचे दिवस मात्र भरले.

या तारखांखेरीज संकेतस्थळ ज्या संगणकीय भाषेत लिहिले त्या पीएचपीच्या आवृत्तीची तारीख असते, होस्टिंगची म्हणजे सर्व्हरच्या भाड्याची असते, साइटवर नकाशा दाखवण्यासाठी घेतलेल्या परवान्याच्या किल्लीची असते. त्यांचे वर्णन करण्यात मौज नाही. नावाच्या शेपटीवरच्या, म्हणजे शेवटच्या डॉटनंतरच्या, अक्षरांनाही आयुष्य असते, हे मात्र अनेकांच्या गावी नसते. युगोस्लाव्हिया हा देश मोडला आणि त्याची 'वाययू' ही शेपटी 2010 साली कायमची मिटली. स्टार्टअपवाल्यांची लाडकी 'आयओ' ही हिंदी महासागरातल्या ब्रिटिश प्रदेशाच्या वाट्याची, आणि त्यातली चागोस बेटे मॉरिशसला देण्याची बोलणी सुरू झाल्यापासून तिच्या भवितव्याची चर्चा निघते. ग्राहकाने झोकदार म्हणून असे नाव मागितले की मी त्याला डॉट इन घ्यायला सांगतो आणि माझ्याविषयीचे त्याचे मत थोडे उतरते.

ज्यांना हे सारे जड होते त्यांनी संकेतस्थळ खुशाल बंद करावे, असे माझे प्रामाणिक मत आहे. तीन वर्षे जुन्या दरपत्रकाचे संकेतस्थळ ठेवण्यापेक्षा गूगल नकाशावरची नोंद नीट ठेवलेली बरी. नाव सोडण्यापूर्वी मात्र मी त्यांना थांबवतो. तो पत्ता हळदीच्या पिशव्यांवर, बिलांवर, टेम्पोच्या मागच्या फळीवर छापलेला असतो, आणि सुटलेली जुनी नावे टिपून तिथे जुगाराची पाने थाटणारे लोक टपलेलेच असतात. शिवाय त्या नावाचे ईमेल बँकेत नोंदलेले असेल तर नवा धनी तेही चालू करू शकतो. म्हणून संकेतस्थळ उतरवायचे, बँकेतला ईमेल बदलून घ्यायचा, नावाचे 5 वर्षांचे पैसे एकदम भरायचे आणि तिथे पेढीचा पत्ता व फोन क्रमांक असलेले एकच पान ठेवायचे, असा माझा शिरस्ता आहे. त्या पानाचे मी वेगळे पैसे लावत नाही.