एव्हबरी: दगडांच्या रिंगणातलं गाव आणि आमची चुकलेली बस

इंग्लंडमधलं स्टोनहेंज, म्हणजे ते प्राचीन उभ्या दगडांचं वर्तुळ, बघून आलेल्या कुणालाही विचारा, तक्रार ठरलेली, दोरीच्या अलीकडूनच बघावं लागतं. आमचंही तेच झालं होतं, म्हणून यंदा आई नागपूरहून आली तेव्हा तिला मुद्दाम एव्हबरीला नेलं. विल्टशायरमधलं हे एवढंसं खेडं, पण दगडांचं रिंगण इतकं मोठं की अर्धं गाव त्याच्या आतच बसलंय, पबसकट. आणि दगडांना खुशाल हात लावा, टेकून डबा खा, कोणी हटकत नाही. तिकीटही नाही. मेंढ्या मात्र सगळीकडे, त्यामुळे बसायच्या आधी लेंड्या बघून बसा.

जायचं कसं तर लंडनच्या पॅडिंग्टन स्टेशनहून ट्रेनने स्विंडन, साधारण तासाभरात, आणि तिथून ४९ नंबरची बस थेट गावात सोडते. गाडीने गेलात तर गावाबाहेरच्या पार्किंगला पैसे पडतात, नॅशनल ट्रस्टचं (वारसास्थळं सांभाळणारी तिथली संस्था) सभासद कार्ड असेल तर फुकट.

आधी बाहेरच्या बांधावर चढा. बांध आणि त्याच्या आतला खंदक, दोन्ही साडेचार हजार वर्षांपूर्वीचे, आणि खंदक मुळात आजच्यापेक्षा कितीतरी खोल, जवळजवळ ९ मीटर. खडूच्या पांढऱ्या जमिनीत हे सगळं हरणाच्या शिंगांनी खोदलंय. शिंगांनी! मी आईला हे सांगितलं तर ती म्हणाली, "अन् तुला अंगणात आळं करायला सांगितलं तर फावडं सापडत नाही."

आता एक गोष्ट तिथे जायच्या आधीच कळलेली बरी. आज उभे दिसतात त्यातले बरेच दगड १९३० च्या दशकात परत उभे केलेत. अलेक्झांडर केलर नावाचा माणूस, घरचा मार्मालेडचा धंदा, पैसा भरपूर, त्याने गावातली जमीन विकत घेत घेत उत्खनन केलं, पुरलेले दगड काढून जागेवर उभे केले आणि जिथे दगड उरलाच नव्हता तिथे काँक्रीटचे बुटके खुंट बसवले. पुरले कोणी तर मध्ययुगात गावकऱ्यांनीच. पुढे सतराव्या-अठराव्या शतकात तर फोडायलाच लागले, दगडाखाली जाळ करायचा, तापला की थंड पाणी ओतायचं आणि वरून घण. तेच तुकडे गावातल्या घरांच्या भिंतींत गेलेत. भिंती नीट बघत चाला, मला तर दगडांइतक्याच त्याही आवडल्या.

नैऋत्येकडच्या भागात 'बार्बर स्टोन' चुकवू नका. १९३८ मध्ये हा दगड उचलताना खाली माणसाचा सांगाडा निघाला, सोबत कात्री, एक लोखंडी सळईसारखं हत्यार आणि चौदाव्या शतकाच्या सुरुवातीची नाणी. म्हणजे न्हावी, त्या काळचा शस्त्रक्रिया करणाराही तोच. दगड पुरताना अंगावर पडून मेला अशी गोष्ट झाली, सांगाडा लंडनला गेला, दुसऱ्या महायुद्धातल्या बॉम्बहल्ल्यात नष्ट झाला असंच सगळे धरून होते आणि १९९० च्या दशकाच्या शेवटी तो चक्क सापडला. परत तपासला तर दगडाखाली चिरडून मेल्याच्या खुणाच नाहीत! आई त्या दगडाला हात लावून बराच वेळ उभी होती, मग म्हणाली आपल्याकडे असता तर एव्हाना शेंदूर लागला असता. पूर्वेच्या बांधावरच्या बीचच्या झाडांना लोक रंगीत फिती बांधून जातात ते दाखवलं तेव्हा तिला बरं वाटलं. नवस इथेही आहेतच.

(नागपूरकरांसाठी: काटोल रोडवरची जुनापाणीची शिळावर्तुळं आठवतात का? ती दफनांची, लोहयुगातली आणि बुटक्या दगडांची. एव्हबरीचे दगड त्याहून दीडेक हजार वर्षं तरी जुने.)

जेवून पायी सिलबरी हिलकडे निघालो. ही टेकडी माणसांनी रचलेली, साधारण इसवीसनपूर्व २४०० ची, ३९ मीटर उंच, आणि आत काय आहे म्हणून १७७६ पासून लोकांनी वरून विवर पाडलं, बाजूने बोगदे खणले, पण ना कोणाचं थडगं ना खजिना. ते जुनं विवर २००० साली खचलं आणि माथ्यावर भगदाड पडलं, मग आतले बोगदे भरून घ्यावे लागले. वर चढायला बंदी आहे, उगाच कुंपण ओलांडू नका, खालूनच छान दिसते.

रस्ता ओलांडून शेतातून वर गेलं की वेस्ट केनेट लाँग बॅरो, म्हणजे मातीच्या लांबट ढिगाऱ्याखालचं दफनस्थळ. हे सगळ्यात जुनं, इसवीसनपूर्व ३६५० च्या आसपासचं, १०० मीटर लांब, आणि टोकाशी दगडी खोल्या ज्यात किमान ३६ जणांचे अवशेष मिळालेत. आत वाकून जाता येतं. टॉर्च न्या, मोबाइलचा उजेड पुरत नाही आणि जमीन ओली असते. वाटेवरचा चिखल पांढरट आणि साबणासारखा निसरडा, मी कापडी बूट घालून गेलो आणि दोनदा बसलो. आई ट्रेकिंगच्या बुटांत ठणठणीत.

येताना दगडांच्या दुहेरी रांगेतून, म्हणजे वेस्ट केनेट अॅव्हेन्यूवरून गावात या. सगळं मिळून वयस्कर माणूस बरोबर असेल तर चार तास धरा. आम्ही तीन धरले, स्टॉपवर पोचेपर्यंत बस गेलेली, परतीच्या वेळेचा फोटो काढून ठेवायचं सुचलं नव्हतं. पुढची येईपर्यंत आईने डब्यातल्या उरलेल्या दशम्या काढल्या आणि समोरच्या मेंढीने आमच्यावरची नजर हटवली नाही.