तुम्ही विचारलंत म्हणून: अँटिबॉडी चिपवर नुसती ओतून का भागत नाही?

विषाणू ओळखणाऱ्या सेन्सरवर मी काम करते हे कळलं, की हा प्रश्न ठरलेला: अँटिबॉडी, म्हणजे विषाणूला ओळखून धरणारं प्रथिन, सेन्सरच्या चिपवर आपणहून चिकटते ना, मग एवढा खटाटोप कशाला?

चिकटते, खरंच. सोन्याचा मुलामा दिलेल्या चिपवर अँटिबॉडीचं द्रावण ठेवलं की तिचा थर बसतो. पण तिचा आकार इंग्रजी वाय अक्षरासारखा, आणि विषाणूला धरायच्या जागा वरच्या दोन हातांच्या टोकांना. नुसती ओतली तर कुणी आडवी पडते, कुणी उलटी, कुणाची घडीच विस्कटते. थर दिसतो, पकड मात्र नसते.

म्हणून आधी सोन्यावर थायॉल रेणूंचा एकपदरी थर बसवायचा. त्यांचं गंधक सोन्याला धरून राहतं, दुसऱ्या टोकाला कार्बॉक्सिल हा आम्लधर्मी अणुगट असतो. ईडीसी आणि एनएचएस या रसायनांनी तो सक्रिय केला की अँटिबॉडीतल्या लायसिन या अमिनो आम्लाचा अमाइन (नायट्रोजन असलेला) गट त्याच्याशी पक्का जोडला जातो. मात्र हा सक्रिय गट पाण्यात टिकत नाही. सामू 7 असताना काही तास मिळतात, 8.6 ला दहाएक मिनिटांत निम्मा संपतो. सुरुवातीच्या काळात माझ्या ओळीने सगळ्या चिप कोऱ्या निघाल्या होत्या. अँटिबॉडी ट्रिस बफरमध्ये, म्हणजे सामू स्थिर ठेवणाऱ्या द्रावणात होती, ट्रिसमध्येही अमाइन असतं, आणि त्यानेच जागा अडवल्या होत्या. किती दिवस मी अँटिबॉडीलाच दोष देत होते!

एवढं करूनही तोंड कुठे वळेल ते सांगता येत नाही, कारण लायसिन तिच्या अंगभर असतं. म्हणून मला प्रोटीन ए जवळचं वाटतं. स्टॅफिलोकॉकस ऑरियस या जिवाणूचं हे प्रथिन अँटिबॉडीला देठाकडून धरतं, हात मोकळे राहतात. ही पकड आम्लाने सुटते, तेवढं सांभाळावं लागतं.

गर्दीही नको. अँटिबॉडी 10 ते 15 नॅनोमीटरची, करोनाविषाणू साधारण 100 चा. खेटून बसवलेल्या कित्येक अँटिबॉडी एकाच विषाणूखाली झाकल्या जातात.

उरलेल्या सक्रिय जागा इथॅनॉलअमाइनने बंद करते. मग विषाणू नसलेला नमुना सोडते आणि पडद्यावरची सेन्सरच्या संकेताची रेषा बघत बसते. ती सपाट राहिली, म्हणजे भलतं काही चिकटलं नाही, तरच खरा नमुना उघडते.