दोन बोटं उंची

मोडलेल्या पायाच्या ऑपरेशननंतर ड्रेसिंग सोडल्यावर सिस्टर म्हणाल्या, "ताई, दोन्ही पंजे वर घ्या." मी घेतले, असं मला वाटलं. पाहिलं तर उजवा उचललेला आणि डावा बोटं खाली करून गादीवर तसाच पडलेला. परत जोर लावला. मांडी ताठ झाली, कपाळावर घाम आला, पण पंजा काही वर येईना. खाली दाबता येत होता. फक्त वर उचलणं संपलं होतं.

"सूज आहे, उतरली की येईल," असं मला सांगण्यात आलं. तीन दिवसांनी परत विचारलं, परत तेच उत्तर. टाके काढायला गेले तेव्हा दुसऱ्या एका डॉक्टरांनी पायावरून बोट फिरवत विचारलं, "इथं कळतंय का?" अंगठा आणि शेजारच्या बोटाच्या बेचक्यात मला काहीच कळत नव्हतं. त्यांनी लगेच पट्टा मागवून पंजा काटकोनात बांधून घेतला. पंजा खाली लोंबत राहिला की टाचेवरची जाड शीर आखडते, आणि ती एकदा आखडली की पुढं नस बरी होऊनही पाय वर येत नाही, हे तेव्हा कळलं. पहिले दोन आठवडे कुणी हे का सांगितलं नाही याचा राग मला अजून आहे. ज्यांचं गुडघ्याखालचं हाड मोडलंय त्यांनी पहिल्याच दिवशी पंजा वर येतो का ते बघावं, आणि येत नसेल तर समोरचा नीट उत्तर देईपर्यंत विचारत राहावं.

मी जावळी तालुक्यात सहायक कृषी अधिकारी आहे; तेव्हा या पदाला कृषी सहायक म्हणत. जुलै २०२२ मध्ये भाताच्या लावणीची पाहणी करून मोटारसायकलवरून केळघर घाटातून मेढ्याकडं उतरत होते. पाऊस भुरभुर, धुकं दाट. एका वळणावर दरडीची लाल माती रस्त्यावर वाहून आली होती. पुढचं चाक त्यात शिरलं आणि गाडी डावीकडं आडवी झाली. वेग जास्त नव्हता. पण माझा पाय गाडी आणि कठड्याचा दगड यांच्यामध्ये सापडला. आवाज आला तो मी आजही लिहू शकत नाही.

मागून एक वडाप, म्हणजे प्रवासी जीप, येत होतं. ड्रायव्हर उतरला, गाडी उचलली. जीपमधल्या एका आजींनी छत्री काढून दिली. ती ड्रायव्हरनं मिटून पायाच्या बाजूला ठेवली आणि दोन ओढण्यांनी मांडीपासून घोट्यापर्यंत बांधली. "हलू नका ताई, पाय हाय तसा राहू द्या," एवढं तो सारखं म्हणत होता. आतल्या माणसांनी एक आख्खी सीट रिकामी करून दिली आणि ती माणसं पावसात उतरून उभी राहिली. मेढ्याच्या ग्रामीण रुग्णालयातून १०८ च्या ॲम्ब्युलन्सनं मला साताऱ्याला हलवलं. पोलीस आपल्यालाच धरतील या भीतीनं तो ड्रायव्हर नाव न सांगता निघून गेला. २०१९ साली मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती झाली, त्यात कलम १३४अ आलं. अपघातग्रस्ताला निःस्वार्थ मदत करणाऱ्यावर त्याबद्दल खटला भरता येत नाही, नाव सांगायची सक्तीही करता येत नाही. हे मला त्याला सांगायचं होतं.

नडगीची दोन्ही हाडं मोडली होती. जाड हाडात रॉड टाकला, वर-खाली स्क्रू. कमरेत इंजेक्शन दिलं होतं, त्यामुळं दुखत काही नव्हतं, पण रॉड ठोकल्याचा आवाज मी पूर्ण जागेपणी ऐकला. बारीक हाड गुडघ्याच्या जरा खाली, बाहेरच्या बाजूला मोडलं होतं. नेमक्या तिथंच एक नस हाडाच्या मानेला वळसा घालून खाली येते. वर मांस नाही, फक्त कातडी. पंजा वर उचलणारी नस तीच. ती दबली होती.

चार आठवड्यांनी एनसीव्ही टेस्ट झाली. पायाला करंटचे झटके देऊन नस कुठपर्यंत चालू आहे ते बघतात. नस तुटलेली नाही, पण आतले धागे मेलेत, ते वरून खाली परत वाढत येतील, असं डॉक्टर म्हणाले. किती दिवसांत? "साधारण दिवसाला एक मिलिमीटर." घरी येऊन मी शिवणाची टेप काढली. गुडघ्याच्या बाहेरच्या हाडापासून घोट्यापर्यंत ३२ सेंटिमीटर. ३२० दिवस. टेप हातात धरून मी बराच वेळ बसून राहिले. मग फिजिओ मॅडमनी समजावलं की नसेला घोट्यापर्यंत यायची गरज नाही. पंजा उचलणारा स्नायू गुडघ्याच्या खालीच सुरू होतो, तिथं पोचली तरी पुष्कळ. तोवर आपलं काम एकच, स्नायू सुकू द्यायचा नाही आणि घोटा आखडू द्यायचा नाही.

ते काम म्हणजे रोज सकाळ-संध्याकाळ टॉवेलचा फास पंज्याखाली घालून दोन्ही हातांनी स्वतःकडं ओढायचं, तीस आकडे मोजायचे, सोडायचं. दहा वेळा. मग पायाला करंट. मशीननं करंट दिला की माझा पंजा टुणकन वर यायचा, आणि मशीन बंद केलं की मेल्यासारखा पडायचा. आपलाच पाय दुसऱ्या कुणाच्या तरी हुकमानं हलताना बघणं मला फार जड गेलं.

वजन टाकायची परवानगी नव्हती. वॉकर धरून एका पायावर उड्या मारत न्हाणीपर्यंत जायचं. पुढं थोडं थोडं वजन टाकायला लागले तेव्हा पट्टा घातल्याशिवाय चालताच यायचं नाही. पंजा लोंबतो म्हणून गुडघा उंच उचलावा लागतो आणि पाऊल फरशीवर थप्पकन आपटतं. डाव्या पायातली चप्पल तर निघूनच जायची आणि गेलेली कळायचीही नाही. मुलगी मागून घेऊन यायची. सात वर्षांची होती. काही न बोलता पायात घालायची.

घरात गाडीचा विषय काढायचा नाही असं जणू ठरलं होतं. ह्यांनी एकदाच सांगितलं, "बदली मागून घे, टेबलचं काम मिळेल." सासूबाई म्हणाल्या, "स्कूटी घेऊ गं. पायाचं काही काम नसतं तिच्यात." दोघांचं बोलणं मायेपोटी होतं हे मला कळत होतं. पण माझ्याकडच्या निम्म्या वस्त्यांना जायला जो रस्ता आहे त्यावर छोट्या चाकाची गाडी टिकत नाही. आणि खरं सांगायचं तर कारण एवढंच नव्हतं. एकोणिसाव्या वर्षी बाबांनी त्यांच्या गाडीवर मला शिकवलं. लग्नानंतर, नोकरीनंतर, दिवसभरातला जो वेळ पूर्ण माझा होता तो घर ते शेतबांध एवढाच होता. हेल्मेटच्या आत कुणी हाक मारत नाही. तो वेळ गेला होता आणि मला तो परत हवा होता.

तीन महिन्यांच्या एक्स-रेत हाड नीट धरत नव्हतं. नोव्हेंबरमध्ये रॉडचा एक स्क्रू काढला, म्हणजे पाय टाकला की हाडाची टोकं एकमेकांवर दाबली जातात आणि जुळायला लागतात. त्यानंतर मात्र दर एक्स-रेत फरक दिसायला लागला.

गाडी शेडमध्ये होती. स्प्लेंडर. दिरांनी हँडल सरळ करून, लेगगार्ड बदलून आणली होती आणि वर ताडपत्री टाकली होती. एके दिवशी मी फिजिओ मॅडमना विचारलंच. त्यांनी विचार करून सांगितलं, "ताई, दुसरा गिअर टाकायला लिव्हरखालून पंजा वर उचलावा लागतो. तुमचा तोच उचलत नाही." मी म्हणाले, "मॅडम, माझ्या गाडीचे चारही गिअर पुढं दाबूनच पडतात. उतरवायला मागं टाच दाबायची. वर उचलायचं कुठंच नाही." त्या बघतच राहिल्या. त्यांच्या भावाची गाडी एक गिअर खाली दाबून, चार वर उचलून अशी होती. पुढच्या रविवारी त्या घरी आल्या, गाडी मेन स्टँडवर लावायला लावली आणि मला बसवलं.

त्या अर्ध्या तासात मला जे कळलं ते कुठल्या रिपोर्टमध्ये नव्हतं. गिअर दाबता येत होता, ताकद होती. पण फूटरेस्टवरून पंजा लिव्हरच्या वर न्यायलाच दोन बोटं उंची लागते. माझा पंजा लोंबत लिव्हरच्या खाली जाऊन अडकत होता. पायाच्या वरच्या बाजूला जाणीव नाही, म्हणून वर आहे की खाली ते वाकून बघावं लागत होतं. साइड स्टँड पायानं ढकलला तर पाय त्याला लागला की नाही ते समजत नव्हतं. आणि थांबताना डावा पाय टेकवायचा तर आधी बोटं टेकून मुडपत होती. मॅडमनी वहीत चार ओळी लिहिल्या, लिव्हर, स्टँड, टेकणं, किक. किक उजव्या पायानं मारायची असली तरी त्या क्षणी सगळं वजन डाव्यावर असतं. "हे चार जमले की मी स्वतः डॉक्टरांशी बोलते," त्या म्हणाल्या. मला पहिल्यांदा कुणीतरी नाही म्हणायच्या ऐवजी काय करायचं ते सांगितलं होतं.

डिसेंबरच्या शेवटी, एका सकाळी सासूबाई माझ्या पायाला कोमट खोबरेल चोळत होत्या. मी सवयीनं पंजा वर घ्यायचा प्रयत्न केला. त्या थांबल्या. "थांब. परत कर." घोट्याच्या पुढं, कातडीखाली, एक दोरी ताठ झाली. पंजा हलला नव्हता. फक्त दोरी. त्यांनी तिच्यावर अंगठा ठेवला आणि म्हणाल्या, "आली गं, आली." ज्या बाईला मी गाडीवर बसू नये असं मनापासून वाटत होतं, तीच त्या दिवशी शेजारच्या चार घरांत सांगून आली.

त्यानंतर पायातली सुधारणा आठवड्यांत मोजता यायला लागली. आधी झोपून, मग बसून, मग पंज्याला रबरी पट्टा अडकवून. जानेवारीत टेबलच्या कामावर रुजू झाले. फेब्रुवारीत हाडाच्या चारपैकी तीन बाजू भरल्याचं एक्स-रेत दिसलं आणि काठी सुटली. रोज ऑफिसवरून आले की शेडमध्ये जाऊन ताडपत्री काढायची, गाडी बंद ठेवून लिव्हरवर पाय न्यायचा, खाली आणायचा. पन्नास वेळा. मुलगी पायरीवर बसून मोजायची. अडकला की ती तो आकडा धरायची नाही.

मे २०२३ मध्ये डॉक्टरांनी होकार दिला. घोट्याच्या वरपर्यंत येणारा कडक बूट घालायचा, पाऊस नको, मागं कुणी नको. शाळेच्या मैदानावर हे शेजारी धावत होते, सायकल शिकवताना धावतात तसे. दुसऱ्या फेरीला मी त्यांना थांबायला सांगितलं. पहिला, दुसरा, तिसरा. तिसऱ्याला मैदान संपलं.

घाट मात्र ऑक्टोबरपर्यंत ठेवला होता. पाऊस उघडल्यावर एका सकाळी एकटी निघाले. त्या वळणाच्या आधी श्वास आखडला, हात क्लचवर गेला. मी गाडी बाजूला घेतली. डावा पाय खाली सोडला. टाच टेकली, मग पंजा. बघावं लागलं नाही. दरडीवर गवत आलं होतं, भात पिवळं व्हायला लागलं होतं, खालून पाण्याचा आवाज येत होता. केळघरकडून एक वडाप वर येत होतं. तो नव्हता, दुसराच कुणी होता. तरी मी हात केला, त्यानंही केला. मग पंजा उचलला, लिव्हरवर ठेवला आणि पहिला टाकला.