स्वर्ग दोन बोटं

गाडी बघायला जाण्याआधी टेप घेऊन पार्किंगमध्ये जायचं, हे मला बायकोनं शिकवलं. आमच्या कोथरूडच्या सोसायटीत दोन खांबांच्या मध्ये दोन गाड्या उभ्या करायच्या असतात. त्यातली डावी जागा आमची. उजवीकडच्यांनी गेल्या वर्षी मोठी गाडी घेतली तेव्हापासून मी डाव्या दारानं उतरतो, म्हणजे गिअरवरून पाय टाकून. पन्नाशी ओलांडलेल्या माणसाला हे शोभत नाही, पण मीटिंगमध्ये विषय काढला तर वार्षिक सभेपर्यंत पुरेल, म्हणून गप्प आहे.

एवढं असताना मला फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना ताकद देणारी गाडी हवी आहे.

याचं मूळ मागच्या पावसाळ्यात. वेल्ह्याच्या पुढे केळदकडे, मढे घाटाला निघालो होतो. डांबर संपलं, लाल चिखल सुरू झाला. पुढचा दगड बाजूला सोडावा की मधोमध घ्यावा हे ठरवेपर्यंत खालून ‘ठक्’ असा आवाज आला. ऑईलचा चेंबर फुटला. तानाजी मालुसऱ्यांचं शव याच वाटेनं खाली कोकणात उमरठला नेलं, म्हणून हा मढे घाट, असं सांगतात. आमच्या हॅचबॅकला ट्रॅक्टर बांधला जात होता तेव्हा लेक म्हणाली, “बाबा, नाव सार्थ केलंत.” आणि गॅरेजवाल्यानं खाली वाकून बघत निदान केलं, “दोन बोटांनी घात झाला साहेब. गाडी दोन बोटं वर असती तर निघून गेली असती.”

ती दोन बोटं डोक्यात बसली. घरी येऊन माझं बोट मोजलं. अठरा मिलिमीटर. आमच्या गाडीचा ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे जमिनीपासून गाडीच्या पोटापर्यंतचं अंतर, 170. मारुतीच्या जिम्नीचा 210, म्हणजे बरोबर दोन बोटं आणि वर थोडी साय. महिंद्राच्या तीन दारांच्या थारचा 226, म्हणजे आणखी एक बोट, तेही सडपातळ. स्वर्ग दोन बोटं उरला म्हणतात, तो त्या दगडाच्या पलीकडेच असावा.

मग रविवार शोरूममध्ये जाऊ लागले. तिथला मुलगा “सर, ही गाडी नाही, इमोशन आहे” असं म्हणाला, तेव्हा मी टेप काढला. त्याचा चेहरा पडला, पण मला गंमत कळली. 2020 साली नव्या रूपात आलेली थार आणि 2023 साली आलेली पाच दारांची जिम्नी, दोघींची लांबी मिलिमीटरपर्यंत सारखी, 3985. चार मीटरच्या आत राहिलं की लहान गाडीचा कर लागतो, म्हणून सगळ्या कंपन्या त्या रेषेवर येऊन पोट आत घेतात. पण त्या सवलतीसाठी पेट्रोल इंजिनही 1200 सीसीच्या आत लागतं, आणि जिम्नीचं आहे दीड लिटरचं. म्हणजे उपास केला आणि पुण्यही नाही.

फरक आहे तो रुंदीत. जिम्नी 1645, थार 1820. मधले 175 मिलिमीटर म्हणजे माझी एक वीत, थोडी आखडलेली. घाटात ही वीत कोणी विचारत नाही. नारायण पेठेत सम-विषम तारखेच्या पार्किंगमध्ये एका बाजूला रिक्षा, दुसऱ्या बाजूला भाजीची हातगाडी आणि समोरून बुलेटवर बसलेला स्वाभिमान आला की ती वीत म्हणजे अब्रू असते. आमच्या दोन खांबांमध्ये तर ती वीत म्हणजे माझं उजवं दार.

गुरखाही पाहिली, नाही असं नाही. आकुर्डीच्या फोर्सची गाडी, म्हणजे गाववाली. ही कंपनी म्हणजेच पूर्वीची बजाज टेम्पो, जिच्यामुळे मराठी माणूस आजही कुठल्याही कंपनीच्या मालवाहू गाडीला टेम्पोच म्हणतो. गुरखाचं हवा ओढायचं नाक छतापाशी, पुढची-मागची दोन्ही डिफरन्शिअल खटक्यानं लॉक होणारी. खरा डोंगरातला गडी. पण उंची दोन मीटरच्या वर, आणि आमचं पार्किंग आहे ड्रेनेजच्या पाइपांखाली. पुढचं बोलायला नको.

हे डिफरन्शिअल प्रकरण मला शोरूममध्ये कळलं नाही, आजोळच्या खळ्यावर कळलेलं आठवलं. मळणीला बैल एका दावणीत तिवड्याभोवती फिरतात. आतला रमतगमत चालतो, बाहेरच्याला पळावं लागतं, कारण त्याचा फेरा मोठा. वळणावर गाडीच्या चाकांचंही तेच. डाव्या-उजव्या चाकांना हवा तसा वेग घेऊ देणारं यंत्र म्हणजे डिफरन्शिअल. पण त्याची खोड अशी की एक चाक चिखलात मोकळं फिरायला लागलं की सगळी ताकद त्या आळशालाच मिळते, आणि घट्ट जमिनीवर उभं असलेलं कष्टाळू चाक बघत बसतं. (ऑफिसातलं उदाहरण देणार होतो, राहू द्या.) जिम्नी त्या फिरणाऱ्या चाकाला आपोआप ब्रेक लावते आणि ताकद पलीकडे ढकलते. गुरखा सरळ दोघांना एका जुवाला बांधते.

पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्ये मात्र या गाड्यांत असं यंत्रच नसतं. दांडा फोर-एचला, म्हणजे चारही चाकांवर टाकला की पुढचे-मागचे बैल एकाच दोरीत. चिखलात कोणी घसरतो, ताण सुटतो. कोरड्या डांबरावर घसरायला जागा नाही, मग वळताना तो सगळा ताण गिअरांवर जातो. म्हणून कर्वे रोडला हा दांडा टू-एचलाच, म्हणजे दोनच चाकांवर ठेवायचा. म्हणजे ज्याच्यासाठी पैसे मोजायचे, त्याला शहरात हात लावायचा नाही. घरात शालू असतो तसं.

बायकोनं वहीत हिशेब मांडला. गेल्या वर्षी शनिवार-रविवार धरून पुण्याबाहेर सात वेळा गेलो. त्यात डांबर सोडलं दोनदा. एकूण कच्चा रस्ता नऊ किलोमीटर, त्यातले चार ट्रॅक्टरच्या मागे. उरलेलं वर्ष हिंजवडी. जिम्नीचं ऑटोमॅटिक चारच गिअरचं, त्यामुळे हायवेला इंजिन ओरडतं. डिझेल थारला 300 न्यूटन मीटरचा टॉर्क, म्हणजे ओढायचा जोर, ताम्हिणी हसत चढेल, पण मागच्या सीटवर जायला पुढची सीट पाडून आत शिरावं लागतं. मागे आई बसणार. वय अठ्ठ्याहत्तर.

आईला ट्रायलला नेलं. जिम्नीच्या दारापाशी उभी राहून तिनं पायरीचा अंदाज घेतला, माझ्याकडे पाहिलं आणि विक्रेत्याला विचारलं, “बरोबर शिडी देता का?” चढली मात्र. वर बसल्यावर डेक्कनला भिडे पुलाजवळून जाताना म्हणाली, “इथून पाणी बरं दिसतंय.” खडकवासल्यातून विसर्ग वाढला की भिडे पूल पाण्याखाली जातो. ऐन शहरात दरवर्षी ऑफ-रोडिंगची सोय आहे म्हणायची, फक्त पोलीस बॅरिकेड लावतात.

काल रात्री शेवटचं मोजायला खाली गेलो. जिम्नीचं मागचं दार वर उचलत नाही, खोलीच्या दारासारखं आडवं उघडतं, वर त्याला स्टेपनी टांगलेली. सीट उभ्या असताना मागे जागा 208 लिटरची, म्हणजे दोन सॅक आणि आईची पिशवी. पण तेवढी ठेवायला दार तरी उघडायला हवं. भिंतीला टेप टेकवून वाकलो होतो, तेवढ्यात दुसऱ्या मजल्यावरचे काका शतपावली करत आले.

“जिम्नी का?” त्यांनी विचारलं.

“तुम्हाला कसं कळलं?”

“भिंतीपासून मोजताय म्हणून. आडवं दार.” ते थांबले. “मी जिप्सीसाठी मोजलं होतं. बसत होती. अगदी झोकात बसत होती.”

“मग?”

“पुढच्या वर्षी घेऊ, पुढच्या वर्षी घेऊ. तोवर बंदच झाली.”

टेपचं टोक भिंतीवरून सारखं निसटत होतं. काकांनी चप्पल नीट केली, खाली बसले आणि ते टोक अंगठ्यानं दाबून धरलं.

“ओढा,” ते म्हणाले.