तुम्ही विचारलंत म्हणून: भर उन्हाळ्यात गरम पाणी

मी चार वर्षं ग्वांगझूला राहून आले हे कळलं, की मे महिन्यात हा प्रश्न ठरलेला: "चिनी लोक उन्हाळ्यातसुद्धा गरम पाणी पितात म्हणे. मग उष्म्यावर ते खातात तरी काय?"

हो, गरमच पितात. पहिल्या वर्षी मला त्याचा फार त्रास व्हायचा. तिथला उन्हाळा विदर्भासारखा कोरडा नाही. शहर कर्कवृत्ताजवळ, पर्ल नदीच्या काठी. पाऊस पडून गेला तरी घाम वाळत नाही, मुंबईच्या जूनसारखा. अशा वेळी खानावळीत टेकावं आणि समोर वाफाळता चहा यावा!

त्यामागचा विचार मला समजावला घरमालकीणबाईंनी. त्यांना मी 'आयी' म्हणायचे. चिनीत त्याचा अर्थ मावशी, पण माझ्या कानाला तो शब्द कायम आईच्याच जवळचा वाटला. आयीचं म्हणणं असं: उन्हाळ्यात शरीराची ऊब, म्हणजे यांग, बाहेर कातडीकडे धावते आणि पोट आतून गार पडतं. त्यात बर्फाचं पाणी ओतलं, तर पचन आणखी मंदावतं. म्हणूनच तिकडे म्हण आहे, हिवाळ्यात मुळा खा, उन्हाळ्यात आलं खा, वैद्याची गरज नाही. उन्हाळ्यात आलं! मला आधी हे उलटंच वाटलं. पण ग्रीष्मात अग्नी मंद असतो हे आपलं आयुर्वेदही सांगतं, हे आठवलं आणि आयीचं बोलणं मी नीट ऐकायला लागले.

तेव्हा थंडावा द्यायचा तो पदार्थाच्या गुणाने, फ्रीजने नव्हे. गरमागरम वाढलेला पदार्थही गुणाने थंड असू शकतो. आपल्या घरात हे वेगळं सांगावं लागत नाही.

यात पहिला मान मुगाचा. मूग मूळचे आपल्या भारतातले, तिथे जाऊन उन्हाळ्याचे राजे झाले. आयी अख्खे हिरवे मूग सालासकट उकळायची, कारण थंडावा सालीत असतो असं ती मानायची. दाणे फुटायच्या आत वरचं हिरवं पाणी काढून कोमट प्यायला द्यायची. उरलेले मूग मऊ शिजवून त्यात खडीसाखर, समुद्री शेवाळाचे तुकडे आणि चक्क सतापाची पानं! आमच्या परसातला सताप लहान मुलांच्या खोकल्यासाठी होता. तो गोड पदार्थात पाहून मी वाटी हातात धरून बसले होते. वास उग्र, पण मुगाबरोबर जमतो. अजून करते मी.

दुसरा शत्रू दमटपणा. हातपाय जड होणं, भूक मरणं, जिभेवर पांढरा थर, हे सगळं चिनी वैद्यक शरीरात साचलेल्या ओलीच्या खात्यावर टाकतं. आयी दारात भेटली की आधी म्हणायची, "जीभ दाखव." थर दिसला की त्या दिवशी कोहळ्याचं सूप. कोहळा सालासकट, सोबत यीमी नावाचं जवासारखं दिसणारं धान्य, मंद आचेवर दोन-तीन तास.

कारलं मात्र चवीसाठीच. पंचतत्त्वांच्या मांडणीत उन्हाळा अग्नीचा, अवयव हृदय आणि चव कडू. ग्वांगझूत कारल्याला 'कडू फळ' म्हणत नाहीत, कडू शब्द अशुभ वाटतो म्हणून 'थंड फळ' म्हणतात. अंड्याबरोबर परततात, फार छान लागतं.

गल्लोगल्ली काढ्याची दुकानंही असतात. त्या काळ्या, कडू पेयाला 'थंड चहा' म्हणतात आणि तो पितात मात्र बहुधा गरम. इथे मी तुम्हाला काळजीने सांगते: हा रोज प्यायचा नाही. पाळीच्या दिवसांत आयी तो आपल्या मुलीलाही देत नसे. मधुमेह असेल, औषधं चालू असतील, तर आधी डॉक्टरांना विचारा. आणि ऊन लागून चक्कर, ताप, बरळणं सुरू झालं, तर मूग-कोहळा बाजूला ठेवून सरळ दवाखाना गाठा.

जून-जुलैत लिची येते. ती उष्ण, "एक लिची, तीन ज्वाळा" असं तिथे म्हणतात. आयी लिच्या सोलण्याआधी मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवायची, म्हणजे उष्णता उतरते. मी तिला सांगितलं, आमच्याकडे आंबे असेच तासभर बादलीत पाणी घालून ठेवतात, माझी आजी त्याशिवाय कुणाला हात लावू द्यायची नाही. आयीने हातातली लिची खाली ठेवली आणि अगदी गंभीरपणे विचारलं, "आणि मीठ घालत नाही?"