पाणी कुठे मुरतंय ते आधी बघा: डेक आणि कुंपणाच्या दुरुस्तीचा माझा अनुभव

घरामागचा लाकडी डेक, म्हणजे घराला लागून उभारलेला फळ्यांचा उघडा ओटा, आणि आवाराचं कुंपण, दोन्ही कामं मी गेल्या उन्हाळ्यात हाती घेतली. आमच्याकडचा हिवाळा कडक. बर्फ पडतो, दुपारच्या उन्हात थोडा वितळतो, रात्री पुन्हा गोठतो, आणि हे महिनोन्‌महिने चालतं. उन्हाळ्यात तेच लाकूड दिवसभर तापतं. अशा हवेत लाकूड कसं टिकवायचं याची शोधाशोध केली तेव्हा जिथे तिथे ‘रंग कोणता लावावा’ एवढंच वाचायला मिळालं. रंगाची पाळी या कामात सगळ्यात शेवटी येते, म्हणून बाकीचं सविस्तर लिहिते आहे.

वरून बघितलं तर डेक नुसता करडा पडला होता. त्या करडेपणाचं मला फारसं काही वाटलं नाही. लाकडाच्या तंतूंना धरून ठेवणारं लिग्निन उन्हातल्या अतिनील किरणांनी विरघळण्याजोगं होतं, पावसात वाहून जातं आणि मागे सुटे करडे तंतू राहतात. हे सगळं अगदी वरच्या थरात घडतं. घासलं की खाली चांगलं लाकूड लागतं. कूज ही वेगळीच गोष्ट आहे. ती बुरशीचं काम, आणि बुरशीला ओल लागते. लाकडातली ओल २० टक्क्यांच्या खाली राहिली तर बुरशीचं काही चालत नाही. म्हणजे शोधायचं ते एवढंच, की पाऊस थांबल्यावरही लाकूड ओलं राहतंय अशा जागा कोणत्या.

दादा तेव्हा सुट्टीवर आला होता. त्याचा जन्म बांधकामांवर गेलाय. मी फळ्यांवर हात फिरवत उभी होते, तर म्हणाला, “अगं, वरचं राहू दे. टॉर्च घे आणि खाली शीर.”

खाली शिरून एकेका वाशाला टोच्या लावत गेलो. ही परीक्षा कोणालाही करता येते, आणि माझ्या मते ओल मोजायच्या यंत्रापेक्षा ती जास्त सांगून जाते. चांगल्या लाकडात टोच्याचं टोक जेमतेम रुततं, आणि उचकटलं तर लांब, चिवट ढलपी निघते, तिचं एक टोक लाकडाला धरूनच राहतं. कुजक्या लाकडात टोच्या दाबाशिवाय आत जातो आणि वर येतो तो आखूड तुकडा. तो बोटांत धरला की कुस्करतो. बाहेरून दोन्ही जागा सारख्याच दिसत होत्या, रंगही तोच.

फळ्यांचा मधला भाग जवळपास सगळीकडे धड निघाला. खराबी होती ती ठरावीक जागी: दोन फळ्यांची तोंडं एकमेकींना भिडतात तिथे, कठड्याचे खांब बोल्टने आवळलेत त्या फटीत, वाशांच्या वरच्या कडेला जिथे स्क्रू घुसलेत तिथे, आणि भिंतीलगत. यात योगायोग नाही. लाकूड म्हणजे आतून लांबीच्या दिशेने जाणाऱ्या बारीक नळ्यांची जुडी. फळीच्या अंगावर पडलेलं पाणी निथळून जातं, कापलेल्या टोकावर पडलेलं पाणी मात्र त्या नळ्या पिऊन घेतात. त्यात दोन टोकं एकमेकांना चिकटलेली असली की वाळायला वाराच मिळत नाही. मग थंडी आली की आत अडकलेलं पाणी गोठतं आणि सुमारे ९ टक्क्यांनी फुगतं. आज असलेली भेग उद्या थोडी मोठी होते, तिच्यात जास्त पाणी शिरतं, आणि पुढची थंडी तिथूनच सुरू होते.

भिंतीलगतची लेजर, म्हणजे डेकची एक बाजू जिच्यावर टेकलेली असते ती घराला ठोकलेली जाड पट्टी, ही सगळ्यात जोखमीची. डेक कोसळण्याच्या घटनांत सांधा सुटतो तो बहुतेकदा इथलाच. आमच्या लेजरच्या वर फ्लॅशिंग, म्हणजे पाणी फटीत न जाऊ देता बाहेर वळवणारा वाकवलेला पत्रा, नव्हतंच. भिंतीवरून उतरणारं पाणी थेट पट्टी आणि भिंत यांच्या फटीत जात होतं. शिवाय पट्टी नुसत्या खिळ्यांवर होती. पक्कड लावून एक खिळा उपसला, तर डोकं आणि टोक जाड आणि मधला भाग, नेमका त्या फटीतला, गंजून काडीएवढा झालेला. वरून बघणाऱ्याला त्या खिळ्याचं डोकं ठणठणीत दिसत होतं.

डेकच्या खाली भिंतीला समांतर तात्पुरती तुळई घातली, तिला टेकू दिले आणि मगच जुनी पट्टी सोडवली. नवी पट्टी आरपार बोल्ट आणि रुंद वॉशर लावून बसवली. तिच्यावर पत्र्याचं फ्लॅशिंग असं बसवलं की त्याची उभी कड भिंतीच्या आवरणाच्या मागे जाते आणि आडवी कड पट्टीच्या पुढे येऊन खाली वळते. ज्यांचा डेक जमिनीपासून उंच आहे त्यांनी निदान हा एक भाग तरी जाणकार अभियंत्याला दाखवून घ्यावा. इथे पैसे वाचवू नयेत, असं मला अगदी मनापासून वाटतं.

इथे धातूबद्दल सांगायला हवं, कारण दुकानात हे कोणी आपणहून सांगत नाही. पूर्वी बाहेरच्या कामाच्या लाकडाला आर्सेनिक, क्रोमियम आणि तांबं असलेली सीसीए प्रक्रिया देत. अमेरिकेत २००३ च्या अखेरीस घरगुती वापरासाठी ती थांबली. त्यानंतर आलेल्या प्रक्रियांमध्ये तांब्याचं प्रमाण जास्त असतं, आणि ओल्या लाकडातलं तांबं साध्या लोखंडाला, तसंच पातळ जस्त चढवलेल्या चकचकीत स्क्रूंनाही झपाट्याने खातं. म्हणून अशा लाकडात स्क्रू, बोल्ट, बिजागऱ्या, सगळं हॉट-डिप गॅल्व्हनाइज्ड (वितळलेल्या जस्तात बुडवून जाड थर चढवलेलं) किंवा स्टेनलेस घ्यावं. समुद्र जवळ असेल तर ३१६ प्रतीचं स्टेनलेस. ॲल्युमिनियमचा उघडा पत्रा तर या लाकडाला लागूसुद्धा देऊ नये. जुनं लाकूड कोणत्या काळातलं ते ठाऊक नसेल तर ते जाळू नका, आणि कापताना तोंडाला चांगला मास्क असू द्या.

वाशांपैकी जे फक्त वरच्या कडेला भुसभुशीत होते त्यांचा खराब भाग तासून काढला, उघड्या लाकडाला तांबंयुक्त संरक्षक द्रव ब्रशने पाजला आणि बाजूला पूर्ण लांबीचा नवा जोडवासा बोल्टने आवळला. सगळ्या वाशांच्या डोक्यावर ब्युटाइलची (रबरासारख्या मऊ, चिकट पदार्थाची) चिकटपट्टी ओढली, त्यामुळे स्क्रू जातो तिथे ती त्याला लपेटून बसते आणि पाणी आत उतरत नाही. कुजक्या जागी पुट्टी किंवा इपॉक्सी भरून वरून रंग मारायचा सल्ला मला बऱ्याच जणांनी दिला. सजावटीच्या पट्टीला ते ठीक आहे. भार पेलणाऱ्या लाकडाला ते अजिबात चालत नाही: भोवतालचं लाकूड ओलीनुसार आकसतं-फुगतं, भरलेला गोळा तसाच राहतो, कडेने फट पडते आणि पाणी पुन्हा आत.

फळ्या फार थोड्या बदलाव्या लागल्या. वाळलेल्या फळ्यांमध्ये पाच मिलिमीटरच्या आसपास फट ठेवली. ओलसर प्रक्रिया केलेल्या फळ्या मात्र चिकटूनच लावाव्यात, कारण त्या वाळताना आपोआप फट पडते. कापलेलं प्रत्येक टोक लावण्याआधी त्याच द्रवात बुडवलं.

कुंपणाचं दुखणं वेगळं होतं. खांब कुजले नव्हते, उचलले गेले होते. काही खांब शेजारच्यांपेक्षा चांगलेच वर आले होते, आणि फाटक तर कडीत बसतच नव्हतं. थंडीत जमिनीतलं पाणी गोठतं तेव्हा ते नुसतं जागच्या जागी फुगत नाही. गोठणारा थर खालच्या ओल्या मातीतून पाणी वर ओढून घेतो आणि बर्फाचे आडवे थर जमत जातात. बारीक गाळाच्या मातीत हे सगळ्यात जास्त. गोठलेली माती खांबाला बाजूंनी घट्ट धरते आणि आपल्याबरोबर वर उचलते. खाली पोकळी होते, वितळताना तिच्यात माती घसरते, आणि खांब मूळ जागी परत जात नाही.

आमच्या खांबांना काँक्रीट भरपूर होतं, पण खड्डे उथळ आणि वर रुंद. खोदून काढलं तेव्हा प्रत्येकाच्या गळ्याशी काँक्रीटची बाहेर आलेली कड होती. त्या कडेच्या खालून बर्फाला उचलायला छान आधार मिळतो. अशा ठिकाणी जास्त काँक्रीट ओतून उपयोग होत नाही, खोली लागते. हिवाळ्यात तुमच्या भागातली जमीन किती खोल गोठते ते स्थानिक बांधकाम कार्यालयात कळतं. खड्डा त्याच्या खाली जायला हवा, बाजू सरळ आणि गुळगुळीत, तळ जमलं तर थोडा रुंद. खोदण्याआधी खालून केबल किंवा पाइप जातात का याची चौकशी करा. दादाने आणि मी मिळून हे खड्डे घेतले, आणि सगळ्यात कष्टाचं काम कोणतं विचाराल तर हेच.

तळाला खडी टाकली, म्हणजे पाणी साचत नाही. काँक्रीटचा माथा जमिनीच्या जरासा वर घेऊन बाहेरच्या बाजूला उतार दिला. खांबाचं कारखान्यातून आलेलं टोक खाली आणि आपण कापलेलं टोक वर, कारण प्रक्रियेचं औषध गाभ्यापर्यंत पोचलेलं असेलच असं नाही. खांब जमिनीच्या पातळीलाच का कुजतो हेही तेव्हा नीट समजलं: बुरशीला ओल आणि हवा दोन्ही लागतात. खोल मातीत हवा कमी, वर ओल कमी, आणि त्या टीचभर पट्ट्यात दोन्ही मुबलक. त्यामुळे तिथे माती, पालापाचोळा साठू द्यायचा नाही. कुंपणाच्या फळ्याही जमिनीपासून चार बोटं वर ठेवल्या.

आधीचं कुंपण सलग फळ्यांचं होतं. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो, आणि सलग कुंपण तो सगळा अंगावर घेऊन खांबाच्या बुडाशी ढकलतं. आम्ही फळ्या आळीपाळीने आडव्या पट्ट्यांच्या दोन्ही बाजूंना लावल्या. आडोसा राहतो, वाराही निघून जातो. फाटकाचा लाकडी तिरका टेकू खालच्या बिजागरीपासून वरच्या कडीच्या कोपऱ्याकडे जायला हवा, म्हणजे तो दाबाखाली राहून भार पेलतो. आमचा उलटा होता.

मग आलं धुणं. सोडियम परकार्बोनेटचं द्रावण, मऊ ब्रश, भरपूर पाणी. क्लोरीनचं ब्लीच लाकडाच्या तंतूंनाच खातं, म्हणून ते टाळलं. खिळ्यांभोवतीचे काळे डाग ऑक्झॅलिक ॲसिडने गेले (हातमोजे आणि चष्मा हवाच, आणि कडेची झाडं आधी पाण्याने भिजवून ठेवावीत). जोराच्या फवाऱ्याने धुतल्यावर लाकूड केसाळ होतं, मला ते पटत नाही.

वर थर धरणाऱ्या रंगाऐवजी आत मुरणारं, रंगछटा असलेलं तेल निवडलं. थर धरणारा रंग पहिली दोन वर्षं सुंदर दिसतो, पण एकदा तडकला की त्याखाली पाणी अडकतं आणि पुन्हा लावताना सगळं खरवडून काढावं लागतं. तेल उडत जातं तसं धुऊन पुन्हा लावता येतं. छटा हवीच, कारण तीच ऊन अडवते. थेट उन्हात लावायचं नाही, पातळ लावायचं, आणि जे मुरत नाही ते पुसून घ्यायचं. तेलाने माखलेल्या चिंध्या बोळा करून टाकू नका. जवसाच्या तेलासारखी तेलं वाळताना उष्णता सोडतात आणि बोळा आपोआप पेटू शकतो. त्या बाहेर एकेक पसरून वाळवाव्यात.

आता हिवाळ्याआधी फळ्यांमधल्या फटी पातळ पट्टीने साफ करते आणि कुंड्या पायांवर उचलून ठेवते. बर्फ प्लॅस्टिकच्या फावड्याने, फळीच्या लांबीच्या दिशेने काढते, आणि शेवटचा पातळ थर तसाच सोडते. मीठ टाकत नाही, ते स्क्रू आणि बोल्ट खातं. पाय घसरू नये म्हणून वाळू पसरते. बर्फ वितळला की प्रत्येक खांबाला ओळंबा, आणि फळ्यांवर ठिकठिकाणी पाण्याचे थेंब. थेंब मणी होऊन राहिले तर तेल शाबूत आहे, पसरून मुरले तर तिथे पुन्हा हात मारायचा. या वसंतात कुंपणाचे खांब सरळ होते. दक्षिणेकडच्या फळ्यांनी मात्र पाणी पिऊन घेतलं, त्यांना तेल लावून झालंय. जिन्याच्या बाजूच्या तिरक्या फळ्या अजून मातीत टेकलेल्या आहेत, त्यांच्याखाली काँक्रीटचा ओटा घालायचं काम पुढच्या वेळी दादा आला की करायचं आहे.