चौदाव्या घरातले दोन उंदीर

सापळ्याचं दार पडलेलं दिसलं की तो उचलतानाच कळतं, आत कोणी आहे की नाही. रिकामा सापळा नुसताच पत्र्याचा डबा लागतो. भरलेल्यात वजन या टोकाकडून त्या टोकाकडे सरकतं आणि जाड हातमोज्यातूनही बोटांना इवली पावलं जाणवतात. त्या सकाळी चौदा नंबरच्या घरात लावलेले दोन्ही सापळे असे जड लागले. एक झोपायच्या खोलीत, बाजेखाली ठेवलेला. दुसरा स्वयंपाकघरात, तांदळाच्या पोत्याशेजारी.

२०१९चा फेब्रुवारी. पश्चिम आफ्रिकेतल्या सिएरा लिओन देशाच्या पूर्व भागात केनेमा नावाचं शहर आहे, तिथून तांबड्या मातीच्या रस्त्याने दीड तासावर हे गाव. मी मूळची संगमेश्वरकडची. पुण्यात विषाणूशास्त्र शिकले आणि लासा तापावरच्या एका प्रकल्पात दोन वर्षांसाठी इथे आले. काम सांगायला सोपं होतं. संध्याकाळी घराघरांत शेंगदाणे, सुकी मासळी आणि पीठ यांचा गोळा लावून सापळे ठेवायचे, पहाटे ते गोळा करायचे, आणि सापडलेल्या उंदरांच्या अंगात विषाणू आहे का ते पाहायचं.

लासा हे नायजेरियातल्या एका गावाचं नाव. १९६९मध्ये तिथल्या मिशनच्या दवाखान्यातली एक परिचारिका तापाने आजारी पडली आणि गेली. तिची शुश्रूषा करणारी दुसरीही गेली. तिसरीला अमेरिकेला नेलं, ती वाचली. तिच्या रक्तावर काम करणारे येल विद्यापीठातले जॉर्डी कॅसल्स स्वतःच आजारी पडले. त्या वाचलेल्या परिचारिकेच्या रक्तद्रवाने त्यांचा जीव वाचला, पण त्याच संस्थेतल्या एका तंत्रज्ञाचा मात्र मृत्यू झाला. हे सगळं आम्हाला प्रशिक्षणाच्या पहिल्याच दिवशी सांगतात. विषाणू येतो कुठून, हे कळायला आणखी तीन वर्षं लागली. १९७२मध्ये याच भागातल्या, सिएरा लिओनच्या घरांतल्या उंदरांत तो सापडला.

या उंदराचं शास्त्रीय नाव मॅस्टोमिस नॅटॅलेन्सिस. तपकिरी पाठ, फिकट पोट, आपल्या घरातल्या उंदराहून थोराड आणि घुशीपेक्षा बराच लहान. मादीला सडांच्या दोन लांबच लांब ओळी असतात, कधी दोन्ही मिळून वीस, कधी चोवीस. पिल्लंही तशीच भरमसाट. विषाणू या उंदराला काही करत नाही. आईच्या पोटातच किंवा जन्मल्यावर लगेच लागण झाली तर उंदीर तो विषाणू दीर्घकाळ अंगात बाळगतो, मुतातून आणि लेंड्यांतून टाकत राहतो, आणि स्वतः धडधाकट फिरतो. माणसाच्या अंगात हा विषाणू जातो दाण्यांतून, झाकण न ठेवलेल्या भातातून, किंवा केर काढताना उडणाऱ्या धुळीतून.

भारतात कुणाला सांगितलं की पहिला प्रश्न येतो, "फार घाण असते का तिथे?" याचा मला राग येतो. चौदा नंबरच्या घरातली जमीन रोज झाडलेली आणि शेणामातीने सारवल्यासारखी गुळगुळीत असायची. भांडी उपडी घालून ठेवलेली. पावसाळ्यात हे उंदीर शेतात पांगतात. कापणी झाली, शिवार मोकळं झालं, की धान्यामागोमाग तेही घरात येतात. आमच्याकडे भात झोडून मुड्या बांधल्या की माळ्यावर रात्रभर खुडबुड चालायची, तसंच अगदी. धान्य घरात आहे म्हणून उंदीर घरात आहे, एवढा साधा तो हिशोब.

घर एका म्हाताऱ्या बाईंचं. सगळं गाव त्यांना ग्रॅनी म्हणे, मग आम्हीही तेच म्हणू लागलो. बरोबर सून आणि दोन नातवंडं. सुनेशी बोलायचं तर उजव्या बाजूला उभं राहावं लागे. तीन वर्षांपूर्वी मोठा ताप आला होता, बरा झाला, पण डावा कान गेला. मलेरिया म्हणून औषध दिलं होतं. लासातून उठलेल्या साधारण चारांतल्या एकाला ऐकू कमी येतं. सुनेच्या तापाला तेव्हा कुणी नाव दिलं नाही, आता देताही येणार नाही. पण आमच्या गटातले पा तिच्याशी बोलताना न विसरता उजवीकडे जायचे, त्यावरून त्यांनी मनात काय धरलंय ते मला कळायचं.

वडीलधाऱ्या पुरुषाला तिथे पा म्हणतात. आमचे पा साठीचे होते, तरुणपणी लासाच्या वॉर्डात काम केलेले. सापळा लावण्यापासून तो ब्लीचच्या पाण्यात बुडवण्यापर्यंत सगळं मी त्यांच्याकडून शिकले.

तपासणीचं टेबल गावाबाहेर आंब्याखाली मांडलेलं असे. पांढरा झगा, दोन जोड्या हातमोजे, तोंडावर हवा गाळून देणारा मुखवटा. नऊ वाजले की ऊन चढायचं आणि झग्याच्या आत घाम अंगाखांद्यावरून बुटांत उतरायचा. उंदराला आधी गुंगीचं औषध. मग वजन, लांबी, नर-मादी, रक्त, आणि शेवटी प्लीहा, यकृत, मूत्रपिंड यांचे तुकडे काढून नळ्यांत.

चौदा नंबरच्या झोपायच्या खोलीतला उंदीर म्हणजे गाभण मादी निघाली. पोट उघडलं तर गर्भाशयात अकरा पिल्लं, वालाच्या दाण्याएवढी, एका ओळीत. मी ती मोजली, पांनी वहीत लिहिलं. प्लीहा काढायला आम्ही बोथट टोकाची कात्री वापरायचो. ती नुकतीच ब्लीचमध्ये टाकली होती. दोन उंदरांच्या मध्ये ती ठरलेला वेळ बुडून राहायला हवी. मला थांबवेना. अजून सात सापळे बाकी होते आणि ऊन वाढत होतं. मी पेटीतली दुसरी कात्री उचलली, टोकदार.

दुखलं नाही. डाव्या तर्जनीला काहीतरी टोचल्यासारखं झालं, एवढंच. बाहेरच्या निळ्या मोज्याला बारीक चीर आणि आतल्या पांढऱ्यावर लाल ठिपका. रक्त माझं की तिचं, ते कळेना. माझ्या तोंडून मराठीतच निघालं, "थांबा." पांना मराठीचं अक्षर येत नव्हतं. त्यांनी लेखणी खाली ठेवली.

पुढची वीस मिनिटं त्यांनीच सांभाळली. कात्री खाली ठेव, दोन पावलं मागे ये. मोज्यांवर क्लोरीनची फवारणी. बाहेरचे उतर. परत फवारणी. आतले उतर. मग साबण आणि वाहतं पाणी. एक पोरगा कॅनमधून धार धरून उभा होता, मी बोट चोळत होते आणि पा घड्याळ बघत होते. पंधरा मिनिटं बोट धुणं म्हणजे काय असतं ते त्या दिवशी कळलं. बोटावर मला काही दिसत नव्हतं. मग पांनी निर्जंतुक केलेला आतला मोजा पाण्याने भरला, तोंड आवळलं आणि हळूच दाबला. तर्जनीच्या टोकातून दोऱ्याएवढी बारीक धार निघाली आणि तांबड्या मातीत जिरली.

परतीच्या वाटेवर गाडीत कुणी बोललं नाही. मला सारखे डॉ. अनिरू कॉन्टे आठवत होते. केनेमाच्या लासा वॉर्डाचे ते प्रमुख. देशात यादवी युद्ध चालू असतानाही त्यांनी वॉर्ड सोडला नाही. २००४मध्ये एका गर्भवती रुग्ण परिचारिकेचं रक्त घेताना त्यांना सुई टोचली आणि त्याच आजाराने ते गेले. पंचवीस वर्षांच्या अनुभवी हाताची ती सुई होती. त्यांच्या जागी आलेले डॉ. शेख हुमार खान २०१४च्या जुलैमध्ये इबोलाने गेले. पांनी दोघांनाही जवळून पाहिलेलं. ते खिडकीबाहेर बघत होते.

डॉक्टरांनी रिबाव्हिरिनच्या गोळ्या लगेच सुरू केल्या. लासावर लस नाही. १९८६मध्ये याच सिएरा लिओनमधल्या रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला आणि तेव्हापासून हे औषध दिलं जातं, पहिल्या सहा दिवसांत मिळालं तर जास्त उपयोग. लागण झालेल्या दहांतल्या आठांना फारसं काही होत नाही. रुग्णालयात दाखल करावं लागतं त्यांच्यातले मात्र शंभरात पंधराएक दगावतात, आणि शेवटच्या तीन महिन्यांतल्या गरोदर बाईची तर फार वाईट स्थिती होते. रक्तस्रावी ताप म्हणतात खरा, पण रक्त जाताना थोड्यांचंच दिसतं. सुरुवातीला असतो नुसता ताप, घसा, अंगदुखी. म्हणजे मलेरियासारखंच सगळं. लक्षणं दिसायला एकवीस दिवसांपर्यंत लागू शकतात. तोवर सकाळ-संध्याकाळ ताप मोजायचा आणि वहीत लिहायचा. त्या रात्री मी नऊ वेळा मोजला. रविवारी आईचा फोन आला, तिला काही सांगितलं नाही. ती आंब्याच्या मोहराबद्दल बोलत राहिली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तपासणीचा निकाल आला. गाभण मादीच्या रक्तात विषाणू नव्हता. प्रयोगशाळेतल्या मुलाने तीनदा सांगितलं, "नाही, नाही, काही नाही," आणि मी भिंतीला टेकून खाली बसले. मग त्याने यादीतली पुढची ओळ वाचली. त्याच घरातला दुसरा, तांदळाच्या पोत्याशेजारचा नर. त्याच्यात होता.

गोळ्या बंद झाल्या. ताप मोजणं डॉक्टरांनी चालूच ठेवायला सांगितलं. मी सुटले होते. माझ्यासाठी औषध होतं, डॉक्टर होते, माझा उंदीर रातोरात तपासून झाला होता. पण तो नर त्या स्वयंपाकघरात किती महिने फिरत होता?

निकाल घरमालकांना सांगायचा, असा आमचा नियम. तिसऱ्या दिवशी पा आणि मी गेलो. ग्रॅनींनी आधी माझं बोट धरून पाहिलं, गावभर बातमी झालीच होती. मग उलटा हात माझ्या कपाळाला लावला. आपल्याकडे लावतात तसाच. थोडा वेळ तसाच ठेवला. "नाही ताप," म्हणाल्या.

पांनी मेंडे भाषेत सगळं समजावलं. धान्य झाकणाच्या पिंपात ठेवा, बिळं बुजवा, शिजवलेलं उघडं ठेवू नका, मेलेल्या उंदराला नुसत्या हाताने शिवू नका. ग्रॅनींनी शांतपणे ऐकून घेतलं. मग उठून आम्हाला स्वयंपाकघर दाखवलं. चुलीवरच्या माळ्यावर धुरात वाळत घातलेलं बियाणं. प्रत्येक भांड्यावर ताटली. कोपऱ्यातली बिळं त्यांनी चिखल आणि फुटक्या काचा कोंबून बुजवलेली होती, आणि शेजारी दोन नवी झालेली. माझी आजी काचा कोंबायची तसंच, तीच युक्ती. पोत्यात वर्षाचं भात होतं. त्यांनी विचारलं, "पोतं कुठे ठेवू, तू सांग."

मला सांगता आलं नाही. बाहेर पावसाने भिजेल, चोर नेतील. उंदीर मारत सुटावं, तर शेजारच्या गिनीत गावंच्या गावं विष घालून पाहिली, काही महिन्यांत उंदीर पुन्हा भरले. १९६०च्या दशकात बोलिव्हियातल्या सान होआकिन गावात असाच एक उंदरांचा ताप आला होता. तिथे घराघरांत सापळे लावले आणि साथ थांबली. पण ते एक गाव होतं. इथे शेत, वाट, घर सगळीकडे हाच उंदीर, आणि एका मादीच्या पोटात अकरा पिल्लं मी स्वतःच मोजलेली. लागतात ती घट्ट झाकणाची पिंपं. आमच्या प्रकल्पाच्या पैशांत सापळे बसत होते, नळ्या बसत होत्या, द्रवरूप नायट्रोजन बसत होता. पिंपाला रकाना नव्हता. पुढच्या अहवालात मी तो मागितला आणि त्यानंतरच्या प्रत्येक अहवालात मागत राहिले, कारण घरात शिरून उंदीर मोजायचे आणि घर तसंच सोडून यायचं, हे मला पटत नाही.

केनेमाच्या बाजारातून एक निळं पिंप मी स्वतःच्या पैशाने घेतलं. गावात बेचाळीस घरं. ते मला माहीत होतं, पांनाही. त्यांनी काही न बोलता ते गाडीच्या टपावर बांधलं.

बाविसाव्या दिवशी ते घेऊन गेलो. वहीतली शेवटची नोंद सदतीसच्या खाली होती. ग्रॅनी अंगणात भात पाखडत होत्या. सूप खाली ठेवलं, हात लुगड्याला पुसले आणि माझ्या कपाळाला लावले. हसल्या. मग मी माझा उलटा हात त्यांच्या कपाळावर ठेवला. थंड होतं. धाकटा नातू दारात उभा राहून बघत होता, त्यानेही येऊन कपाळ पुढे केलं.